कारभारी बाहेरचा असावा

सगळ्या नातेवाइकांनी मिळून दूरच्या प्रवासाला जायचे ठरले, की तारखा निघण्याच्याही आधी एक वाद हमखास सुरू होतो. हे सगळे आपले आपणच जमवावे, की एखाद्या यात्रा कंपनीच्या हवाली व्हावे? हिशेबी मंडळी लगेच कागद घेऊन बसतात. रेल्वेचे भाडे, गाडीचे भाडे, खोल्या, जेवणखाण असे सगळे मांडून माणशी आकडा काढतात, तो कंपनीच्या दराशेजारी ठेवतात आणि विचारतात, की हे वरचे पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे. सासर-माहेरच्या मंडळींना एकत्र करून नेण्याचे काम आमच्याकडे बरीच वर्षे माझ्याच गळ्यात होते. चारधाम यात्रेला मात्र आम्ही आयोजक नेमला आणि मी इतरांसारखीच प्रवासी म्हणून गेले. दोन्ही बाजूंचा अनुभव गाठीशी आल्यावर माझे मत असे झाले आहे, की त्या वरच्या पैशांतला लहानसा भाग आरक्षणाच्या खटाटोपीचा असतो आणि मोठा भाग नात्यागोत्याबाहेरचा एक कारभारी मिळाल्याचा असतो.

आधी खटाटोपीविषयी, कारण चारधामच्या बाबतीत तीही वाटते तितकी किरकोळ नाही. यमुनोत्री आणि गंगोत्रीची दारे प्रथेनुसार अक्षय्य तृतीयेला उघडतात, बद्रीनाथचा मुहूर्त वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरतो आणि केदारनाथचा महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होतो. हौशी माणूस हे मुहूर्त कळल्यावर जागा होतो. तोवर गुप्तकाशी, सीतापूर, बडकोट, पीपलकोटी या मुक्कामांवरच्या बऱ्या खोल्या नेहमीच्या आयोजकांनी हिवाळ्यातच धरून ठेवलेल्या असतात. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडू लागले आहे. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात, तत्काळमध्ये चारच. म्हणजे वीस-बावीस जणांच्या गटाची चार तिकिटे झाली आणि प्रत्येकाचे नशीब वेगळे. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरचे सगळे प्रवासी तक्ता लागेपर्यंत प्रतीक्षायादीतच राहिले, तर ते तिकीट आपोआप रद्द होते. अशा वेळी अर्धे कुटुंब डब्यात आणि अर्धे फलाटावर असा प्रसंग ओढवू शकतो. मोठ्या गटाला रेल्वे प्रशासनाकडे अर्ज करून एकगठ्ठा आरक्षण मिळवता येते, पण तो अर्ज कुठे, कुणाकडे आणि किती आधी करायचा हे ज्याचे रोजचे काम आहे त्यालाच नेमके ठाऊक असते.

त्याच्यापुढे उत्तराखंड सरकारची सक्तीची नोंदणी येते. प्रत्येक प्रवाशाची, प्रत्येक धामाच्या तारखेसह. भाड्याच्या गाडीला परिवहन खात्याचे ग्रीन कार्ड आणि ट्रिप कार्ड हे परवाने लागतात. ती गाडी सोनप्रयागपर्यंतच जाते; तिथून गौरीकुंडपर्यंत स्थानिक जीप आणि गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. आमच्या गटात गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आत्या होत्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे दोघे काका होते आणि घोड्यावर बसायला साफ नकार देणारी एक वहिनी होती. कुणाला घोडा, कुणाला दंडी (माणसांनी खांद्यावरून वाहून न्यायची खुर्ची), कुणाला हेलिकॉप्टर हे गट निघण्याआधी ठरवावे लागते. फाटा, सेरसी आणि गुप्तकाशी इथून उडणाऱ्या हेलिकॉप्टरची तिकिटे आयआरसीटीसीच्या ठरावीक संकेतस्थळावरच मिळतात आणि विक्री उघडल्यावर बघता बघता संपतात. आमच्या आयोजकाच्या कार्यालयात त्या दिवशी तीन मुले एकाच वेळी संगणकांसमोर बसली होती, तरी सगळ्यांना मिळाली नाहीतच. ज्यांना मिळाली नाहीत त्यांची घोड्यांची आणि दंडीची सोय मात्र त्याने त्याच दिवशी यादीत लिहून ठेवली.

इथवरचे सगळे एखादा चिकाटीचा माणूस स्वतः करू शकेल. मी केले असते. तीन महिने संध्याकाळी फोन, सकाळी संकेतस्थळे, मध्येच भाच्याची रजा नामंजूर झाल्यामुळे सगळ्या तारखा पुन्हा. हे काम कष्टाचे असले तरी अशक्य नव्हे. खरी अडचण प्रवास सुरू झाल्यावर येते आणि ती कष्टाने सुटत नाही.

कुटुंबातल्या माणसाने सहल काढली, की त्याच्याकडे जबाबदारी सगळी येते आणि अधिकार मात्र काडीचाही येत नाही. बसमध्ये पुढच्या आसनावर कोण बसणार हा प्रश्न घ्या. मोठ्या काकांचा मान, जावयांचा मान, ज्यांना घाटात उलटी होते त्यांची गरज आणि खिडकीसाठी रुसलेली मुले, या सगळ्यांचा निवाडा घरातल्या व्यक्तीने केला तर तो निवाडा राहत नाही, पक्षपात ठरतो, आणि त्याची आठवण पुढच्या दिवाळीपर्यंत निघते. आमच्या टूर मॅनेजरने पहिल्याच सकाळी सांगून टाकले, की आसने रोज दोन ओळींनी मागे सरकतील आणि पहिली दोन आसने ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी राखीव राहतील. जावईबापू तिसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीत विनातक्रार जाऊन बसले. हाच नियम मी केला असता, तर त्यांनी काही म्हटले नसते हे खरे. पण नणंदेने म्हटले असते.

उठण्याच्या वेळेचेही तसेच. मराठी सहलींमध्ये ‘पाच-सहा-सात’ ही परिभाषा आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे: पाचला उठणे, सहाला नाश्ता, सातला गाडी सुटणे. डोंगराळ मार्गावर रात्रीची वाहतूक बंद असते आणि दिवसा कोंडीत किती तास जातील याचा नेम नसतो, म्हणून उत्तरकाशीहून निघताना आमचे ते ‘तीन-चार-पाच’ झाले. रात्रीच्या जेवणावर त्या पंचविशी-तिशीतल्या मुलाने हे जाहीर केले, तेव्हा माझ्या मोठ्या दिरांनी मान डोलावली आणि दहा मिनिटांत खोलीत जाऊन दिवा मालवला. लवकर आवरा असे मी सांगितले होते, तरी हे गृहस्थ एकदा अष्टविनायकाच्या वेळी सकाळी साडेआठपर्यंत दाढी करत बसले होते आणि त्या दिवशी आमचे एक देऊळ राहिले. माणूस तोच, फक्त सांगणारा पगारी आणि परका. त्याच्या शब्दाला त्याच्या वयाचा आधार नव्हता, त्याने दर वर्षी तोच रस्ता कापल्याचा होता. शिवाय त्याच्याशी भांडून कुणाला घरातले जुने हिशेब चुकते करता येत नव्हते.

स्वयंपाकाविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण ‘आपणच करू’ म्हणणाऱ्यांच्या कागदावर ही बाब कधीच नसते. घरच्या सहलीत स्वयंपाकघर बरोबर येते. निघण्याआधी आठवडाभर चिवडा, लाडू, दशम्या, मेतकूट, गोड्या मसाल्याच्या पुड्या. प्रवासात थर्मासमधला चहा, कागदी पेले, कुणाची गोळी जेवणाआधी आणि कुणाची जेवणानंतर. मुक्कामाला पोहोचल्यावर सर्व पुरुष पाय लांबवून बसतात आणि बायका धर्मशाळेच्या व्यवस्थापकाकडे गरम पाण्याची चौकशी करायला जातात. मी आयोजन करत असे त्या सहलींत माझ्या जावेने एकही सूर्योदय धड पाहिलेला नाही, कारण त्या वेळी ती चहा गाळत असे. हे श्रम फुकट धरले तर घरची सहल स्वस्त पडतेच. मराठी यात्रा कंपन्या, विशेषतः जिल्ह्याच्या ठिकाणांवरच्या लहान कंपन्या, आपला आचारी आणि शिधा बरोबर नेतात. बडकोटसारख्या ठिकाणी गरम पोळी, वरणभात आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळाली याचे कौतुक पुरुषमंडळींनी चवीसाठी केले. जावेने ते निराळ्या कारणासाठी केले: बसल्या जागी कुणीतरी तिला वाढत होते. कंपनीच्या दरातले किती रुपये या एका गोष्टीचे होते हे मला काढता आलेले नाही, पण ते मी आनंदाने पुन्हा देईन. लग्नकार्यातला स्वयंपाक आपण केव्हाच केटररच्या हाती सोपवला आणि त्यात कुणाला उधळपट्टी वाटत नाही. प्रवासाच्या बाबतीतच हा संकोच का टिकून आहे, हे मला कळत नाही.

पैसे देऊन प्रवासाची व्यवस्था दुसऱ्यावर सोपवणे ही काही पर्यटन कंपन्यांनी शिकवलेली नवी चैन नव्हे. काशी, प्रयाग, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, आणि यात्रेकरूंच्या उतरण्या-जेवण्यापासून विधींपर्यंत सगळे तेच बघत आले. पंढरीच्या वाटेवरसुद्धा आळंदीहून निघणाऱ्या पालखीसोबतच्या दिंड्यांत वारकरी आपली भिशी भरतो. त्या भिशीतून दोन वेळचे जेवण, राहुट्या, सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर यांची सोय होते. दिंड्यांचे क्रम रथापुढे आणि रथामागे असे ठरलेले आहेत, त्यामुळे कोण कुठे चालणार यावर रोज वाद होत नाही. मला सर्वांत आवडते ती तिथली तक्रारीची पद्धत. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी पालखीची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंचावला, की सगळा समाज शांत होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. हजारो लोकांना चालत न्यायचे तर हुकूम कुणाचा आणि गाऱ्हाणे कुठे मांडायचे, या दोन गोष्टी आधी ठरलेल्या असाव्या लागतात, हे वारकऱ्यांना आपल्या कितीतरी आधी उमगले होते. पुढे १९८४ मध्ये केसरी पाटील यांच्यासारख्यांनी मुंबईत सहल कंपन्या काढल्या आणि मराठी मध्यमवर्गाला टूर मॅनेजर नावाच्या माणसाची सवय लावली, तेव्हा त्यांना जमीन तयार मिळाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

गाऱ्हाण्याचा मुद्दा कुटुंबातही तितकाच महत्त्वाचा आहे. घरच्या आयोजकाकडे तक्रार करता येत नाही, म्हणून माणसे ती एकमेकांकडे करतात आणि ती फिरून, फुगून आयोजकाकडे पोहोचते. पैसे घेणाऱ्याकडे मात्र सरळ करता येते. गुप्तकाशीला आमच्या एका खोलीत गरम पाणी येत नव्हते. आत्यांनी स्वतः खाली जाऊन मॅनेजरला फैलावर घेतले आणि अर्ध्या तासात बादल्या आल्या. आयोजक मी असते, तर त्या ‘राहू दे गं, तुझ्यामागे किती व्याप’ म्हणून थंड पाण्याने आंघोळ करून बसल्या असत्या, आणि ती आंघोळ मला पुढे बरीच वर्षे ऐकावी लागली असती. गोष्ट हाताबाहेर गेलीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. तिथे जाण्याची वेळ क्वचितच यावी. पण तो रस्ता आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असल्यामुळे बोलण्याला एक सूर राहतो. मेव्हण्याविरुद्ध आयोगाकडे कुणी जात नाही, म्हणून मेव्हण्याशी अबोला धरला जातो.

पैशांचा आपसातला हिशेब हा तर स्वतंत्र विषय आहे. कॉन्ट्री काढून केलेल्या सहलीत शेवटच्या दिवशी कुणीतरी म्हणतेच, की आम्ही दोघांनी हृषीकेशला लस्सी घेतली नव्हती. माणशी एकच रक्कम आधी भरून टाकली, की हा प्रश्न उरत नाही. सहलीच्या रकमेवर पाच टक्के जीएसटीही द्यावा लागतो आणि तो आमच्या हिशेबी काकांना फार झोंबला होता. परतल्यावर मात्र ‘या खेपेला वही काढावी लागली नाही’ हे वाक्य त्यांनीच दोनदा उच्चारले.

परतीच्या वाटेवर बद्रीनाथहून उतरताना रुद्रप्रयाग आणि गढवालमधले श्रीनगर यांच्यामधल्या सिरोबगडला दरड कोसळली होती. ही जागा त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. रस्ता संध्याकाळपर्यंत खुला होईल की सकाळी, हे कुणीच सांगत नव्हते. आमची गाडी कर्णप्रयागच्या आधी होती, तेव्हाच मॅनेजरने पुढच्या एका चालकाशी बोलून कोंडीचा अंदाज घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून खोल्यांसाठी फोन लावू लागला. कर्णप्रयागला दोन निरनिराळ्या हॉटेलांत मिळून आमच्या सर्वांची सोय झाली. आमच्या मागून आलेल्या खासगी गाड्यांतले बरेच लोक त्या रात्री गाडीतच झोपले. हॉटेलवाल्याने आम्हाला खोल्या दिल्या त्या आमच्याकडे बघून दिल्या नाहीत. हा आयोजक दर हंगामात त्याच्याकडे गट आणतो आणि पुढच्या वर्षीही आणणार आहे, म्हणून दिल्या. अशी ओळख एका प्रवासापुरती विकत मिळत नाही. ज्याने ती वर्षानुवर्षे जोडली आहे त्याच्याकडून ती काही दिवस वापरायला घेता येते, आणि कागदावरच्या बेरजेत तिच्यासाठी रकाना नसतो.

या व्यवहारात नावडावे असेही पुष्कळ आहे. ‘दाखवणार’ या शब्दाखाली काही आयोजक बसच्या खिडकीतून बोट करून दाखवलेले देऊळही मोजतात. शालींच्या, रत्नांच्या, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांपुढे गाडी थांबते आणि तिथला तास दर्शनाच्या वेळेतून कापला जातो. एकट्याने जाणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे बहुतेक वेळा विधवा मावशीला किंवा अविवाहित आत्याला, स्वतंत्र खोलीचा भुर्दंड भरावा लागतो, आणि हा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. जाहिरातीतल्या दरात घोडा, दंडी, हेलिकॉप्टर आणि सोनप्रयागची जीप बहुधा नसते. ते बारीक अक्षरांत असते आणि ती अक्षरे वाचायला चष्मा लागणाऱ्यांनाच नेमकी या गोष्टींची गरज असते. ‘अमुक हॉटेल किंवा तत्सम’ यातले तत्सम म्हणजे नक्की काय, हेही विचारून घ्यावे.

आयोजक म्हणजे मोठी खासगी कंपनीच असेही नाही. गढवाल मंडल विकास निगम या उत्तराखंडच्या सरकारी संस्थेची स्वतःची विश्रामगृहे यात्रामार्गावर आहेत आणि ती चारधामच्या सहलीही काढते. आयआरसीटीसीच्या भारत गौरव या खास पर्यटन गाड्या आहेत. हरिद्वारचा स्थानिक वाहतूकदार गाडी आणि खोल्यांपुरताही ठरवता येतो. प्रत्येकात आपण कारभाराचा किती भाग सोपवतो याचे प्रमाण निराळे असते. तरुणांच्या गटाला हरिद्वारची नुसती गाडी पुरेल. सत्तरीच्या पुढची चार माणसे बरोबर असतील, तर मॅनेजर आणि आचारी असलेल्या कंपनीखेरीज दुसरा विचार करू नये, असे मी सांगेन. चार-पाच जणांनी गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला जायचे असेल तर मात्र कुणालाही एक रुपया देऊ नये. एवढ्या लोकांचे एकमत चहाच्या टपरीवर होते आणि तिथे चुकलेल्या वाटेचीही मजा येते. माझ्या अंदाजाने एका मोठ्या गाडीत माणसे मावेनाशी झाली, की तिथून पुढे कारभाऱ्याची गरज सुरू होते.

आमच्या घरात सध्या बसने नर्मदा परिक्रमा करण्याची चर्चा चालू आहे. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, म्हणून गुजरातेत मुखाजवळ दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला समुद्रातून नावेने जावे लागते, आणि नाव सुटण्याची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. तीन आयोजकांकडे मी दर मागितले आहेत आणि तिघांनाही एकच प्रश्न लेखी पाठवला आहे: त्या दिवशी नाव सुटली नाही, तर विमलेश्वरला आमची राहण्या-जेवण्याची सोय काय आणि त्या जादा रात्रीचा खर्च कुणाचा? एकाने ‘तसे होत नाही’ असे कळवले. दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही. तिसऱ्याने आश्रमातल्या खोल्या, मुक्कामाचा खर्च त्याच्याकडे आणि जेवणाचा आमच्याकडे, असे तीन ओळींत लिहून दिले आहे. त्याचा दर तिघांत सर्वांत जास्त आहे. काका आकडेमोड करत आहेत, आणि आत्यांनी आगाऊ रक्कम त्याच्याकडे भरूनही टाकली आहे.